शब्दसंग्रहाचा भुर्दंड

इंग्रजी शब्दसंग्रह प्रगत करायचे एकदा मनावर घेतले, की साध्या इंग्रजीवर सुखाने दिवस काढणारा माणूस स्वतःच्या मागे नाहक शुक्लकाष्ठ लावून घेतो. या त्रासाचे मूळ जुने आहे. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच आणली, पुढे विद्वानांनी लॅटिनची भर घातली आणि जुन्या शब्दांपैकी बऱ्याच जणांनी ठिय्या सोडला नाही. परिणामी नुसत्या विचारण्यासाठी ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ असे तिघे मांडीला मांडी लावून बसले आहेत. लढाई त्यांची, भुर्दंड मात्र माझ्या माथी.

पाठांतराचे शास्त्रही फारसे दिलासा देत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले आधी भराभर आणि मग सावकाश विसरले जाते. अर्थात ते निरर्थक अक्षरगट पाठ करत होते. ते चारचौघांत वाक्यात वापरून दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

त्यावर उतारा म्हणून मी विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांची, कार्डांवर शब्द लिहून ती खोक्यांत ठेवण्याची पद्धत स्वीकारली. शब्द आठवला की त्याचे कार्ड पुढच्या खोक्यात जाते आणि तिथे त्याची उजळणी अधिक दिवसांनी होते. चुकला की ते मुकाट्याने पहिल्या खोक्यात परतते. ‘पर्स्पिकेशस’ म्हणजे सूक्ष्म दृष्टीचा आणि ‘पर्स्पिक्युअस’ म्हणजे सुस्पष्ट, ही लॅटिन घराण्यातली भावंडे तिथून हलायलाच तयार नव्हती. एकाचे कार्ड उचलले की अर्थ हमखास दुसऱ्याचा आठवे. स्पष्टपणाचा ठेका घेतलेल्या शब्दांनीच इतका घोळ घालावा, हे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

वाचताना ओळखू येणारे शब्द आणि बोलताना तोंडात येणारे शब्द यांत मोठी तफावत असते, असे जाणकार सांगतात. माझे शब्द तर गप्पा संपून मंडळी पांगल्यावर हजर होतात. म्हणून मी लेखनाचा आश्रय घेतला आणि एका सहकाऱ्याला कळवले, की तुमचे टिपण अत्यंत ‘पर्स्पिक्युअस’ आहे. त्याने अर्थ विचारला. मी ‘क्लिअर’ असे सांगितले.

“मग तसेच लिहायचे ना!” तो म्हणाला.

इतक्या अरसिक माणसाचे टिपण मी मुळात वाचायलाच नको होते.