पवनचक्क्या पाऊस पळवतात, या दाव्याला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, 'ग्रामसभेत हा विषय घ्यायचा आहे.' पवनचक्क्यांची पाती ढग पळवतात म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत कोरडे पडले. पवनचक्की उभारायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ती आयुष्यभरात देत नाही. आणि तिच्यामुळे डोंगरावरचे पक्षी नाहीसे होतात, अशी तीन विधाने त्यात आहेत. हा संदेश मी पूर्वी अनेकदा वाचून सोडून दिला होता. परंतु उभे आयुष्य आभाळाकडे बघून पेरणी केलेला माणूस त्याच्या भरवशावर ठराव मांडायला निघतो, तेव्हा गप्प बसणे मला चुकीचे वाटते.

पहिल्या विधानाच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे. घरातला पंखा विजेवर फिरून वारा घालतो. पवनचक्की वाऱ्यावर फिरून वीज देते. तिच्या पात्यांतून गेलेला वारा मंदावतो, कारण त्यातली काही ऊर्जा काढून घेतलेली असते. मंदावलेला वारा ढगांना पळवील कसा? शिवाय पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढलेले असतात, त्यांच्यापुढे शंभर-सव्वाशे मीटरवरचे पाते ते किती! माण, खटाव, आटपाडी हा माणदेश कोरडा आहे तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प घाटमाथ्यावरच बरसते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-आटपाडीत जेमतेम ५००. १८७६-७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती. वनकुसवडे पठारावर त्या उभ्या राहिल्या विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यानंतर २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-कोयनेला महापूर आले. वनकुसवडे पाटण तालुक्यात, म्हणजे कोयनेच्याच मुलखात आहे. पाती पाऊस पळवत असती, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली नसती. त्या पुरात घरे सोडून बाहेर पडलेल्या माणसांच्या जिल्ह्यात हा संदेश फिरतो, याचा मला सर्वाधिक संताप येतो.

या समजुतीने नुकसानही होते. दुष्काळाचे खापर पात्यांवर फुटले की टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचा, पंपांच्या वीजबिलाचा, विहीर पुनर्भरणाचा प्रश्न मागे पडतो. या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवतात आणि त्याला प्रचंड वीज लागते. आपल्याकडे वाऱ्याची वीज सर्वाधिक मिळते ती जून ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे सूर्य ढगांआड असताना आणि कृष्णा दुथडी भरून वाहत असताना. पुराचे पाणी उचलून दुष्काळी तलाव भरायचे दिवस तेच असतात.

दुसऱ्या विधानावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पवनचक्की उभारताना लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभरात परत देते आणि पुढे वीसेक वर्षे चालते. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या २०१४ च्या अहवालात, बांधणीपासून मोडणीपर्यंतचा हिशेब धरून, जमिनीवरच्या पवनचक्कीचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन युनिटमागे सुमारे ११ ग्रॅम आणि कोळशाच्या विजेचे ८२० ग्रॅम दिले आहे.

तिसऱ्या विधानात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आणि सरडे अधिक आढळले. शिकाऱ्याचे भय ओसरल्याने सरड्यांचे वागणेही बदलले होते. पक्षी 'नाहीसे' होतात हे त्यातून सिद्ध होत नाही, पण सड्यांवर, म्हणजे अशा कातळी पठारांवर, यंत्रे उभारण्यापूर्वी जागा पारखून घेतली पाहिजे हे नक्की होते. ग्रामसभेने पक्ष्यांची पाहणी, रस्त्यांसाठी फोडलेला कातळ आणि जमिनीचा रास्त मोबदला यांवर जाब विचारावा. मी त्या ठरावाच्या बाजूने उभा राहीन.

मामांना मी फोनवर हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि १९७२ साली त्यांच्या वडिलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली ती आठवण काढली. ठरावाचा मसुदा ते आता बदलणार आहेत. त्यात आवर्तनाच्या तारखा मागायच्या आहेत.