इंद्रजालच्या १२३ आणि १२४ क्रमांकांबद्दल, आमच्या दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणून हे लिहायला बसलो. वडिलांच्या सत्तरीला तुम्ही आमच्याकडून इंद्रजाल कॉमिक्सचा १०१ ते १५० हा इंग्रजी संच घेतलात. तुमचं म्हणणं असं की पन्नासऐवजी अठ्ठेचाळीसच अंक आले, १२३ आणि १२४ आम्ही काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकले. एका अंकाच्या पिना नव्याकोऱ्या आहेत आणि आत वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) देशाचं नाव 'बंगाला'ऐवजी 'डेंकाली' छापलंय, म्हणून तो नकली. शिवाय काही अंकांवर लायब्ररीचे शिक्के आहेत.

आधी त्या दोन अंकांचं सांगतो, कारण चोरीचा आळ त्यावरूनच आलाय. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक कधी निघालेच नाहीत. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ही मालिका सुरू केली. आधी मासिक, १९६६ पासून पाक्षिक. मध्ये टाइम्समध्ये संप झाला, या दोन अंकांची छपाई झाली नाही आणि काम पुन्हा सुरू झाल्यावर पुढचा अंक १२५ म्हणून बाहेर आला. राहिलेले क्रमांक नंतरही कधी भरून काढले नाहीत. १९९० मध्ये मालिका बंद झाली तोवर एकूण ८०३ अंक निघाले होते. क्रमांक मोजत गेलात तर ८०५ भरतात. तो दोनाचा फरक म्हणजेच हे दोन अंक. तुमचा संच पुरा आहे, ताई. याहून पुरा तो कुणाकडेच मिळणार नाही.

पण तुमचा गैरसमज झाला याला कारण मीच आहे. जाहिरातीत 'एकूण पन्नास अंक' असं छापलं होतं. मुलाने १०१ ते १५० बघून आकडा टाकला आणि मी नजर न घालता तो जाऊ दिला. तीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाकडून हे व्हायला नको होतं. मजकूर आजच बदलला आहे. आणि एक कळकळीने सांगतो, चिडून दुसरीकडे १२३ शोधायला जाऊ नका. कुणी दाखवलाच तर तो घरी बनवलेला असेल. त्याला एक रुपयाही देऊ नका.

आता पिना. हीसुद्धा चूक माझी, आणि ही मला जास्त लागली. त्या अंकाच्या मूळ पिना गंजून गेल्या होत्या. मधलं पान उघडलं की दोन्ही भोकांभोवती तपकिरी वर्तुळं दिसतात, तिथला कागद बोट लावलं तरी भुगा होऊन पडत होता. पिना तशाच ठेवल्या असत्या तर पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत मधली पानं सुटली असती. म्हणून त्या काढून त्याच जुन्या भोकांतून न गंजणाऱ्या पिना घातल्या. काम चांगलंच केलं, पण तुम्हाला सांगितलं नाही. जुन्या अंकाला हात लावला की ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, हा आमच्या दुकानाचा नियम, आणि तो मीच मोडला. त्या अंकाचे पैसे परत करतो. अंक तुमच्याकडेच राहू द्या.

नकलीबद्दल मात्र मी ठाम आहे. नेटवर 'बंगाला' दिसतं ते वेताळाचे जनक ली फॉक यांच्या मूळ अमेरिकी कॉमिक्समधलं नाव. आपल्याकडे छापताना ते बंगालसारखं वाटू नये म्हणून 'डेंकाली' केलं, आणि चाच्यांची 'सिंग' टोळी 'सिंगा' झाली. म्हणजे डेंकाली असणं ही तर अंक इंद्रजालचाच असल्याची खूण. वेताळाच्या गोष्टीत कुठे चौकट गाळल्यासारखी वाटली तरी घाबरू नका. वर्तमानपत्रात महिनोन् महिने रोज थोडी थोडी येणारी गोष्ट एका अंकात बसवायला संपादक कात्री लावत. माझी स्वतःची खात्री करायची रीत सांगतो. आधी मुखपृष्ठ नाही, मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ बघायची. १८६७ च्या कायद्याने ती छापणं सक्तीचं होतं. नकली काढणारा चित्रावर जीव ओततो आणि या ओळीत बहुधा फसतो, अक्षरं फुटलेली किंवा पुसट येतात. तुमच्या अठ्ठेचाळीसही अंकांतली ती ओळ मी भिंगाखाली वाचली आहे.

शिक्क्यांचं वर्णनात लिहिलं होतं, फोटोही होते. ते आम्ही कधीच पुसत नाही. जांभळ्या शाईचा तो गोल शिक्का आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेला खातेक्रमांक, याच्यामुळे कळतं की हा अंक भाड्याने घरोघर फिरला. किती पोरांनी तो दुसऱ्या दिवशी परत करायचा म्हणून एका रात्रीत वाचला असेल! मला तरी असा अंक कोऱ्याहून जवळचा वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर तेही बरोबरच आहे.

तरीही मन मानत नसेल तर सगळा संच परत पाठवा. कुरियरचा खर्च आमचा, पूर्ण रक्कम परत, मुदत नाही. अभिप्राय बदला असं मी म्हणणार नाही.

फक्त परत पाठवण्याआधी एकदा १२२ आणि १२५ हे दोन अंक वडिलांच्या हातात द्या. संप झाला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. स्टॉलवर जाऊन रिकाम्या हाताने परत आल्याचं त्यांना आठवतंय का, एवढं विचारा. आठवत असेल तर मलाही कळवा. त्या दिवसांत अंकाची वाट बघत बसलेल्या माणसाशी मला फार बोलायचं आहे.