अरेका पाम आणि त्याचे असंख्य डॉक्टर

घरात अरेका पाम असला की येणारा प्रत्येक माणूस आधी पामकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि मग पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा आवाज काढून म्हणतो, "शेंडे सुकलेत हो याचे." सुकलेत ना. दिसतंय की. आम्ही याच घरात राहतो.

यावर पहिलं निदान ठरलेलं असतं, पाणी. आत्याच्या मते पाणी कमी पडतंय, आत्याच्या मिस्टरांच्या मते जास्त होतंय. वैताग असा की दोघंही बरोबर असू शकतात! पाणी कमी पडलं की शेंडे सुकतात आणि जास्त झालं तर माती चिकचिकीत होऊन मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, वर पाणी चढत नाही, मग शेंडे पुन्हा सुकतातच. एसीची कोरडी हवा लागली तरी सुकतात, खताचे क्षार मातीत साठले तरी सुकतात आणि नळाच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर त्यानेही सुकतात. नवराबायकोत भांडण लावायला यापेक्षा सोयीचं झाड निसर्गाने बनवलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खरा उपाय अगदी साधा आहे, मातीत बोट घालून बघायचं, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्यायचं, ते खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. पण घरातल्या प्रत्येकाने येताजाता बोट घालून "ओलीच आहे" किंवा "कोरडीठाक आहे" असं जाहीर करायला सुरुवात केली की कुंडीला चाळणीची कळा येते.

मुळात हा मादागास्करचा, तेही बेटाच्या पूर्वेकडच्या दमट भागातला. तिथे जमिनीत हा बुडातून फुटवे काढत सहा-सात मीटर सहज जातो, आपण त्याला सोफा आणि टीव्हीच्या मधल्या फटीत उभा करतो आणि वर म्हणतो, खुललेला दिसत नाही. त्याला उजेड भरपूर हवा पण गाळलेला. अंधारात ठेवला की विरळ होतो आणि तिथून उचलून एकदम कडक उन्हात नेला की पानं भाजतात. म्हणजे घरातल्या प्रत्येक चांगल्या जागेवर त्याचाच पहिला हक्क, आणि ती जागा नेमकी आपल्या खुर्चीची असते.

मग येतात नासावाले काका. हे प्रत्येकाच्या ओळखीत असतातच. "नासाने सिद्ध केलंय, घरातली झाडं हवा शुद्ध करतात!" नासाचा १९८९चा अहवाल आहे हे खरं, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये केले होते, खिडक्या-दारं असलेल्या हॉलमध्ये नाही. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हिशोब असा निघाला की घरात एरवी जी हवा खेळते तिची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग अजून आणा."

नावावरूनही शांतता नाही. शास्त्रज्ञांनी १९९५मध्ये याला क्रिसॅलिडोकार्पस नावाच्या वनस्पती-गटातून काढून डिप्सिस नावाच्या गटात टाकला आणि २०२२मध्ये परत क्रिसॅलिडोकार्पसमध्ये आणून बसवला, आपण मात्र अरेकाच म्हणतोय, आणि त्यालाही काही फरक पडलेला दिसत नाही.

देठांवर बारीक काळे ठिपके दिसले की वहिनी "कीड! कीड!" करत स्प्रे घेऊन धावते. ते ठिपके बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे असतात, जन्मजात. खरी कीड, म्हणजे लाल कोळी, पानांच्या मागच्या बाजूला असते आणि तिकडे कोणी बघतच नाही. बारीक जाळी दिसली की झाडाला बाथरूममध्ये नेऊन पानं मागूनपुढून धुवायची. ओली कुंडी, त्यात त्या लांब झावळ्या डोळ्यात जातायत आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय, "अजून किती वेळ?" आत पाम आंघोळ करतोय हे उत्तर देताना आवाजात जरा आत्मविश्वास लागतो.

सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे कात्रीवाला. आमच्याकडे ती पोस्ट मेहुण्याकडे आहे. पान जरा पिवळं दिसलं की काप. खरं तर पोटॅशियम कमी पडलं की पाम जुन्या पानांतूनच ते ओढून नव्या पानांना देतो, त्यामुळे अर्धवट पिवळी पानं कापली की त्याची शिल्लकच आपण कचऱ्यात टाकतो. पूर्ण वाळलेलं पान खुशाल काढा, पानाचा सुकलेला शेंडा कापायचाच असेल तर तपकिरी कड थोडी ठेवून कापा, हिरव्यात कात्री घातली की तिथून पुन्हा वाळत जातं. एवढं सगळं शांतपणे सांगून झाल्यावर मेहुण्याने वर बघितलं. झावळ्या पंख्याला लागायला आल्या होत्या.

"भावजी, वरून छाटून टाकू का? खालून फुटेल की."

या खोडाला वाढायला एकच कोंब असतो, अगदी वर. तो कापला की ते खोड संपलं, खालून दुसरे फुटवे आले तर आले, पण ते खोड गेलंच. हे ऐकल्यावर तो बराच वेळ पाम आणि पंखा यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग कात्री खाली ठेवून स्क्रू ड्रायव्हर मागितला.