घर घ्या, पण फाट्यावर

तालुक्याच्या गावी प्लॉट घ्यायचा बेत आहे ना? मग वास्तू, पाणी, शेजार हे नंतर बघा. आधी एकच चौकशी करा: जिल्हा परिषदेचे गुरुजी राहतात कुठे आणि त्यांची पोरं शिकतात कुठे? ज्या गल्लीत जास्तीत जास्त गुरुजी, तिथे डोळे मिटून इसार द्या. फार फिरावं लागणार नाही. विदर्भात तालुक्याच्या गावी बहुतेक एक शिक्षक कॉलनी असतेच. ज्या खेड्यांत या गुरुजींच्या शाळा आहेत, त्यातल्या एखाद्या खेड्यात अशी कॉलनी सापडली तर मला कळवा. मी पोरांची सहल घेऊन येतो.

हे मी सांगू शकतो, कारण मी गुरुजी आहे. शाळा घरापासून ३४ किलोमीटर, रोजचं अपडाऊन. कागदोपत्री मात्र मी शाळेच्याच गावात मुक्कामाला असतो. घरभाडे भत्ता हवा तर मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो, २०१९ पासून तसा शासन निर्णय आहे. माझ्याकडे ठराव आहे. खोलीसुद्धा आहे. त्या खोलीत सध्या घरमालकाच्या तुरीची पोती आहेत, आणि ती माझ्यापेक्षा नेमाने मुख्यालयी राहतात.

आता शाळेचं. तुम्हाला शाळा चांगली हवी असेल, तर खरं म्हणजे माझ्याच शाळेत या. पट अकरा, शिक्षक दोन. पुण्या-मुंबईच्या शाळा एवढ्याशा वर्गाची जाहिरात करून लाखांनी फी घेतात, इथे वर खिचडी मिळते. कायद्याने साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक असतात, म्हणून आम्ही दोघं. पण पट वीसच्या खाली गेला की शाळेवर सरकारचा डोळा जातो. २०२३ साली समूह शाळांची योजना निघाली, कमी पटाच्या शाळा एकत्र करून पोरांना गाडीने एका ठिकाणी न्यायची. तेव्हापासून आमच्या गावात पहिलीच्या वयाच्या पोराला जो मान आहे, तो निवडणुकीतल्या काठावरच्या सदस्यालाही नसेल. जूनच्या शेवटच्या आठवड्यात या. (विदर्भात शाळा तेव्हाच उघडते, उन्हाने आमच्यावर केलेली ही एक मेहेरबानी.) आम्ही दोन्ही गुरुजी दारोदार फिरत असतो, आणि मागून कॉन्व्हेंटच्या व्हॅनचा ड्रायव्हर त्याच घरी फिरत असतो. तो टाय दाखवतो, आम्ही पाढे. सांगायला नको कोण जिंकतं ते.

गेल्या वर्षी एका आजीने माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मोफत पुस्तकं, गणवेश, खिचडी, मातृभाषेतून शिक्षण. मग म्हणाली, "सारं खरं हाय मास्तर, पन तुमचं पोरगं कोन्त्या शायेत हाय?" मी पाणी मागितलं.

तेव्हा कॉन्व्हेंटकडे वळू. हा शब्द ऐकून नन शोधू नका. आमच्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हणजे जिथे पोरगं टाय लावून जातं ती कुठलीही इमारत. कधी गोदाम, कधी माजी मंगल कार्यालय. फी झेपत नसेल तर शिक्षण हक्क कायद्याने २५ टक्के जागा राखीव असतात, आणि इथेच घराची निवड कामी येते. ऑनलाइन अर्जात नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं आणि लॉटरीत पहिला मान शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांचा. म्हणून प्लॉट बघायला जाताना नातेवाईक नेऊ नका, पोराचा कंपास न्या. शाळेच्या फाटकावर टोक रोवा आणि वर्तुळ काढा. आत पडला तो प्लॉट, बाहेर पडलं ते वावर. माझ्या शाळेचं गाव अर्थातच बाहेर पडतं, तिथली गरिबी तीसच्या वर किलोमीटर लांब असल्यामुळे तिची नोंद घेता येत नाही.

राहिली उत्पन्नाची अट. आर्थिक दुर्बल म्हणून अर्ज करायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. आता एक लाखाच्या आत कमावून प्लॉट कसा घेतला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही अजून दाखला काढायला गेलेले दिसत नाही.

मध्यंतरी ही भूमिती फार अवघड झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला त्या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे आपलं घर कॉन्व्हेंटच्या जवळ हवं, पण कॉन्व्हेंट जिल्हा परिषद शाळेच्या जवळ नको. तालुक्याच्या गावात अशी जागा शोधली तर ती बहुधा तलावात निघते. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुन्हा एका वर्तुळावर भागायला लागलं. पाच महिने कंपासवाल्यांनी काढले कसे, त्यांनाच ठाऊक.

वर्तुळ काढलं, आता ले-आऊट बघा. एजंट तुम्हाला एप्रिल-मेमध्येच नेईल, याला कारण आहे. तेव्हा काळी माती फरशीसारखी टणक असते, खांब रोवलेले, चुन्याच्या रेषा मारलेल्या, आणि उन्हाने तुमचं डोकं एवढं तापलेलं की तुम्ही कशावरही सही कराल. जुलैत गेलात तर हीच माती चपलेला धरून ठेवते. मोटारसायकलच्या मडगार्डात भरली की चाक फिरतच नाही, काडीने खरवडावं लागतं. शहाणी माणसं पावसाळाभर डिक्कीत काडी ठेवतात. एजंट म्हणेल, "बस स्टँडपासून पाच मिनिटं." खोटं नाही ते. पाच मिनिटं स्टँडपासून डांबर संपेपर्यंत लागतात, पुढचं त्याने कुठे सांगितलंय?

गावातच राहून पोराला तालुक्याला पाठवायचं असेल, तर गावाची किंमत एका गोष्टीवर ठरते: मुक्कामी गाडी आहे का? जी रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे पोरं, दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले असे सगळे भरून निघते ती. ज्या गावात मुक्कामी गाडी, तिथे मुली सहज देतात असं जुनी माणसं सांगायची. तिकिटाची चिंता करू नका. बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, शाळकरी मुलींना पास मोफत. सवलती भरपूर आहेत. त्या लागू व्हायला गाडी तेवढी यायला हवी.

घरात मुलगी असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा आणि मानव विकासची निळी बस कुठून जाते ते बघा. मुलींच्या शाळेसाठीच ती सुरू केलेली आहे. आमच्या केंद्रातल्या आठवीच्या पुढच्या मुलींचं शिक्षण मी या बसच्या मार्गाने सांगू शकतो. बस जाते तिथवर बारावी. बस वळते, तिथून पुढे सोयरिक. त्या वळणाच्या पलीकडे कुणी स्वस्तात वाडा देत असेल तरी घेऊ नका. (हे वाक्य उपरोधिक नाही.)

स्वतःच्या नोकरीसाठी नागपूर जवळ हवं असेल, तर समृद्धी महामार्गाच्या शेजारी घर घ्या. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून मुंबईकडच्या टोकापर्यंत खुला. ताशी १२० ने गाड्या जाताना तुमच्या अंगणातून स्पष्ट दिसतील. दिसतीलच फक्त, कारण दुचाकी आणि तीनचाकीला तिथे बंदी आहे आणि मध्ये कुंपण. चारचाकी असली तरी चढायला इंटरचेंज गाठावा लागतो, आणि तो असतो पुढच्या तालुक्यात. तरी नातेवाइकांना पत्ता सांगताना "समृद्धीला लागूनच" म्हणता येतं, याचेही पैसे पडतात.

रेल्वेची आवड असणाऱ्यांनी यवतमाळचा विचार करावा. मूर्तिजापूरला जाणारी इंग्रजांच्या काळातली शकुंतला बंद पडली आहे, त्यामुळे तिच्या स्टेशनाजवळची वस्ती अत्यंत शांत. नव्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली, लांबी २८४ किलोमीटर. त्या वर्षी जे पोरगं पहिलीत होतं ते पदवीधर होऊन घरी बसलं, तेव्हा २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. तुमचं पोरगं आता पहिलीत असेल तर गणित तुम्हीच मांडा.

एवढं सगळं तपासल्यावर माझं मत विचाराल, तर प्लॉट फाट्यावर घ्या. शाळा आणि रोजचा प्रवास, दोन्ही तिथे एका जागी उभे असतात. सगळ्या गाड्या तिथे थांबतात, काळी-पिवळीही. तर्री-पोहे मिळतात, खर्रा घोटून मिळतो, आणि गुरुजी कधी आले आणि कधी गेले याची नोंद आमच्या हजेरी रजिस्टरपेक्षा पानठेल्यावर नीट असते.

मी सव्वानऊला फाट्यावर पोचतो. शाळेच्या गावाकडून कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन त्याच सुमारास येते. आठ जणांच्या गाडीत माझ्या गावची एकोणीस पोरं, म्हणजे पट माझ्यापेक्षा आठने जास्त. व्हॅन तालुक्याला, मी खेड्याला. आमच्या मोटारसायकली आणि त्यांची व्हॅन एकमेकांना वाट देतात. मागच्या खिडकीतून एक टाय लावलेलं पोरगं रोज ओरडतं, "सर, गुड मॉर्निंग!" मी हात करतो.

परवा त्याने पुढे जोडलं, "सर, तुमचा आदी माह्याच बाकावर बसते!"

मी हेल्मेटची काच खाली घेतली आणि गाडीला किक मारली.