डोन्चिच तेराव्या वर्षी घराबाहेर पडला, म्हणूनच घडला का?

बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये गेली काही वर्षे एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, लुका डोन्चिच हा बास्केटबॉलचा गंधही नसलेल्या स्लोव्हेनिया नावाच्या चिमुकल्या देशात जन्मला, तेराव्या वर्षी घरदार सोडून एकटा माद्रिदला गेला, तिथल्या अकादमीने त्याला शून्यातून घडवले, युरोपातल्या दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये त्याने काही वर्षे काढली आणि मग एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जाऊन त्याची खरी कारकीर्द सुरू झाली; तेव्हा मुलाला मोठा खेळाडू करायचे असेल, तर त्याला लवकरात लवकर परदेशी पाठवा. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी हाच मजकूर मला दाखवला आणि त्याच्या जोडीला एका परदेशी अकादमीचे माहितीपत्रकही पुढे केले. तिथली वर्षाची फी भरण्यासाठी राहते घर गहाण ठेवण्याची त्यांची तयारी होती. एका अर्धवट खऱ्या गोष्टीवर विसंबून कोणी घर पणाला लावणार असेल, तर त्या गोष्टीतले प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

स्लोव्हेनियात बास्केटबॉलचा गंध नव्हता, हे पहिलेच विधान साफ चुकीचे आहे. त्या देशाची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे शहराहून कमी आहे, एवढेच त्यातले खरे. १९७० च्या जागतिक विजेतेपद स्पर्धेची निर्णायक फेरी स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना इथल्या तिवोली सभागृहात झाली, स्लोव्हेनिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाने तिथे सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघात लुब्लियानाच्याच ओलिंपिया क्लबचा इवो दानेउ खेळत होता. या क्लबने सहा वेळा युगोस्लाव्हियाचे विजेतेपद मिळवले आणि १९९७ मध्ये युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम चौघांत धडक मारून तिसरा क्रमांक पटकावला. डोन्चिच एनबीएत जाण्याच्या कितीतरी आधी राशो नेस्तेरोविच आणि बेनो उद्रिह हे दोन स्लोव्हेनियन खेळाडू २००५ मध्ये सॅन अँटोनियोच्या एनबीए विजेत्या संघात होते, साशा वुयाचिचने २००९ आणि २०१० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर विजेतेपद मिळवले आणि गोरान द्रागिच तर तिथला आघाडीचा गार्ड, म्हणजे चेंडू हाती घेऊन खेळ चालवणारा खेळाडू, झाला होता. यांपैकी नेस्तेरोविच हा लुकाचा धर्मपिता (गॉडफादर). लुकाचे वडील साशा डोन्चिच स्वतः व्यावसायिक खेळाडू होते आणि ओलिंपियाच्याच संघातून खेळले होते. ज्या मुलाच्या घरात वडील व्यावसायिक खेळाडू आणि धर्मपिता एनबीए विजेता, तो शून्यातून आला असे म्हणणे त्याच्या देशावरही अन्याय करणारे आहे आणि त्याच्या घरावरही.

माद्रिदने त्याला घडवले, या विधानाकडे येण्यापूर्वी माद्रिदला जाण्याआधी काय झाले, हे पाहिले पाहिजे, कारण त्या मजकुरात नेमका हाच भाग गाळलेला असतो. साधारण आठव्या वर्षी लुका ओलिंपियाच्या सरावाला आला, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला समवयस्क मुलांमध्ये उभे केले आणि काही मिनिटांतच त्याला तिथून काढून अकरा वर्षांच्या मुलांमध्ये नेऊन ठेवले. पुढे सारी वर्षे तो वयाने मोठ्या मुलांशीच खेळत राहिला. ही गोष्ट वाचताना अनेकांना त्यात फक्त विलक्षण प्रतिभा दिसते. मला त्यात त्या प्रशिक्षकांचा निर्णय अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांना हा मुलगा आपल्या वयाच्या गटात ठेवून प्रत्येक सामना सहज जिंकता आला असता, पण त्यांनी तो मोह टाळला.

वरच्या गटात गेल्यावर मुलाच्या खेळात काय बदल होतो, ते मी दर वर्षी डोळ्यांनी पाहतो. बारा वर्षांचा उंच मुलगा आपल्या गटात असतो, तेव्हा तो खांद्याने वाट काढत बास्केटखाली जातो आणि चेंडू डोक्यावर धरून निवांत टाकतो. तोच मुलगा पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये उतरला की पहिल्या आठवड्यात त्याचे चार-पाच चेंडू अडवले जातात, तो रडकुंडीला येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याचे पाय आपोआप वेग बदलू लागतात: दोन पावले जोरात, मग एकदम थांबणे, समोरचा पुढे निघून गेला की मग चेंडू टाकणे. आज जगभर नावाजले जाणारे डोन्चिचचे सावकाश, अचानक थबकणारे चालणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी कशाबद्दल बोलतो आहे हे लगेच कळेल. आपल्यापेक्षा वेगवान आणि उंच मुलांमध्ये बालपण घालवलेल्या खेळाडूची ती चाल आहे आणि तिची सुरुवात लुब्लियानात झाली, असे माझे मत आहे.

२०१२ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने त्याला आपल्या बाल संघातून एका स्पर्धेत खेळायला बोलावले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोमजवळच्या तेरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत तो ओलिंपियाकडून उतरला आणि लाझिओ क्लबविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ५४ गुण केले. सप्टेंबर २०१२ मध्ये माद्रिदने त्याच्याशी करार केला, तो हे सारे पाहून. म्हणजे ओलिंपियाने पाच वर्षे घडवलेला मुलगा माद्रिदने निवडला. माद्रिदने त्याला जे दिले ते मोलाचे आहे आणि त्याकडे मी पुढे वळणारच आहे, पण पायाचे श्रेय पाया घालणाऱ्यांनाच दिले पाहिजे.

‘एकटा गेला’ या शब्दांनी तर फार मोठा गैरसमज पसरवला आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाठीवर पिशवी टाकून नशीब काढायला निघालेला मुलगा उभा राहतो. प्रत्यक्षात त्याच्या मागे युरोपातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा क्लबांपैकी एकाचा बहुवार्षिक करार होता, राहण्याची सोय क्लबच्या निवासात इतर तरुण खेळाडूंबरोबर होती, आणि त्याच्यासाठी पैसे मोजणारा पक्ष क्लब होता. त्याच्या आईवडिलांनी अकादमीची फी भरून त्याला तिथे दाखल केलेले नव्हते. इतके असूनही सुरुवातीचा काळ त्याला जड गेला, कारण त्याला स्पॅनिश येत नव्हते. शिवाय, अठरा वर्षांखालील मुलाने केवळ बास्केटबॉल खेळण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाणे फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांना सर्वसाधारणपणे मान्यच नाही. त्याच्या शिक्षणाची आणि देखभालीची व्यवस्था पाहून खास बाब म्हणूनच परवानगी मिळते. हे नियम मुलांच्या संरक्षणासाठी केलेले आहेत आणि परदेशी अकादमीचे माहितीपत्रक हाती धरणाऱ्या प्रत्येक पालकाला ते ठाऊक असायला हवेत.

आता माद्रिदने काय दिले ते पाहू. क्लबने त्याला वयोगटातल्या स्पर्धा जिंकण्यापुरता वापरून घेतला नाही. २०१४-१५ च्या हंगामात, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तो क्लबच्या दुसऱ्या संघातून स्पेनच्या चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये प्रौढ खेळाडूंविरुद्ध खेळत होता. ३० एप्रिल २०१५ रोजी, वयाच्या १६ वर्षे २ महिन्यांच्या सुमारास, प्रशिक्षक पाब्लो लासो यांनी त्याला मुख्य संघातून मैदानात उतरवले. सामना संपत आला होता, खेळायला मिळाली ती जेमतेम दोन मिनिटे, आणि त्याने टाकलेला पहिलाच चेंडू तीन गुणांचा ठरला. त्यानंतरच्या हंगामांत त्याला मिळणारा वेळ टप्प्याटप्प्याने वाढत गेला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये संघाचा आघाडीचा गार्ड सर्जियो युल याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, तेव्हा तो हंगाम पेलायला अठरा वर्षांचा डोन्चिच तयार होता. दुखापत हा योगायोग होता, परंतु ती जागा भरण्याची तयारी मात्र आधीच्या दोन वर्षांत मोठ्या सामन्यांमध्ये मिळालेल्या वेळातून आली होती. माद्रिदचे मोठेपण तिथल्या व्यायामशाळेपेक्षा या विश्वासात अधिक आहे, असे मला मनापासून वाटते.

युरोपातली लीग दुय्यम दर्जाची, हे विधान २०१८ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या, वेळी अमेरिकेतही मोठ्या प्रमाणावर केले गेले. डोन्चिच धावायला मंद आहे, उडी कमी आहे, त्याच्या खेळात आता वाढ होणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. फीनिक्स आणि सॅक्रामेंटो या पहिल्या दोन संघांनी त्याला निवडले नाही; अटलांटाने तिसऱ्या क्रमांकावर निवडून त्याला लगेच डॅलसला दिले आणि बदल्यात ट्रे यंग हा खेळाडू आणि पुढच्या वर्षाच्या ड्राफ्टमध्ये निवड करण्याचा एक हक्क घेतला. तोवर या मुलाने काय केले होते? सप्टेंबर २०१७ मध्ये इस्तंबूलला स्लोव्हेनियाने सर्बियाला ९३-८५ असे हरवून युरोपीय विजेतेपद मिळवले, त्या संघात तो होता. मे २०१८ मध्ये बेलग्रेडला माद्रिदने तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला ८५-८० असे नमवून युरोलीग जिंकली आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकोणीस वर्षांच्या डोन्चिचची निवड झाली. इतक्या लहान वयात हा मान त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता. ड्राफ्टच्या दोनच दिवस आधी, १९ जूनला, तो स्पॅनिश लीगचे विजेतेपद मिळवून मोकळा झाला होता.

युरोपातला खेळ वेगळा आहे, हे मान्य. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि तीन गुणांची रेषा ७.२४ मीटरवर असते, तर युरोपात सामना ४० मिनिटांचा आणि रेषा ६.७५ मीटरवर असते. एनबीएत बचाव करणाऱ्या उंच खेळाडूला कोणाची राखण न करता बास्केटखाली तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. फीबाच्या नियमांत असे बंधन नाही. परिणामी युरोपात मधली जागा अरुंद होते, वाट काढणे अवघड जाते, आणि गार्डला चेंडू सोडण्याआधी समोरच्या पाचही जणांचा विचार करावा लागतो. गुण मिळवणे युरोपापेक्षा एनबीएत सोपे आहे, असे डोन्चिचने स्वतः जाहीरपणे म्हटले आहे. आकडेही तेच सांगतात: युरोलीगच्या शेवटच्या हंगामात त्याची सरासरी १६ गुणांची होती, आणि एनबीएच्या पहिल्या हंगामात ती २१.२ गुणांवर गेली. तिथे खेळायला अधिक मिनिटे मिळतात हे धरूनही, जो हंगामभर अरुंद जागेत खेळला तो मोकळ्या जागेत अधिक खुलला, हे उघड आहे. २०१९ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. या प्रगतीला ‘वेळ काढणे’ म्हणणे मला पटत नाही.

राहिले शेवटचे विधान, लवकरात लवकर पाठवा. आधी घरीच राहून मोठे झालेले खेळाडू पाहू. निकोला योकिच सर्बियातल्या सोम्बोर गावचा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवड होऊनही तो आणखी एक वर्ष सर्बियातच खेळला, आणि पुढे तीन वेळा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. यानिस आंतेतोकूंपो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून एनबीएत गेला. विक्टर वेम्बान्यामा २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला जाईपर्यंत फ्रान्समधल्याच क्लबांकडून खेळला. उलट बाजूला द्रागान बेंडर आहे: क्रोएशियातून तो किशोरवयातच तेल अवीवच्या मोठ्या क्लबमध्ये गेला, मुख्य संघातून त्याला फारसे खेळायला मिळाले नाही, २०१६ मध्ये फीनिक्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि चार हंगामांत त्याची एनबीए कारकीर्द संपली. एकट्या त्याच एका कारणाने ती संपली, असे मी म्हणणार नाही. पण लवकर बाहेर पडणे हेच यशाचे कारण असते, तर त्याचे असे व्हायला नको होते. आपल्याकडचे उदाहरण पंजाबच्या सतनाम सिंगचे. तो २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या अकादमीत गेला, २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, आणि एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरू शकला नाही. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय म्हणून त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रवास पालकांनी पूर्ण वाचावा असे वाटते.

त्या वडिलांबरोबर बसून मी ते माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वसतिगृह, आहारतज्ज्ञ, व्यायामशाळा, विमानतळावर घ्यायला येणारी गाडी, सगळे त्यात होते. वर्षभरात मुलाला किती सामने मिळतील, कोणत्या वयाच्या खेळाडूंबरोबर मिळतील आणि त्यांतली किती मिनिटे तो स्वतः मैदानावर असेल, याचा मात्र उल्लेख कुठेच नव्हता. हे तीन प्रश्न त्यांनी अकादमीला लेखी विचारले आहेत. उत्तर येईपर्यंत मुलगा इथेच आहे. त्याला मी सोमवारपासून सोळा वर्षांखालील गटात घेतले आहे.