ग्लुकोमीटर आणि एचबीए१सी जुळत नाही, म्हणून लॅब खोटी नव्हे

‘घरच्या ग्लुकोमीटरची सरासरी १३० आणि एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी लॅबची रक्ततपासणी) ७, म्हणजे लॅबचा रिपोर्ट खोटा,’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. ७ म्हणजे साधारण १५४ सरासरी साखर, पण ती गेल्या दोन-तीन महिन्यांतली, रात्रंदिवसाची. आपण बोट टोचतो ते बहुधा सकाळी, उपाशीपोटी. जेवणानंतर चढलेली साखर मशीनच्या सरासरीत येणार कुठून? (पुरणपोळीच्या दिवशी तर मशीन कपाटातच असतं!) हां, रिपोर्टही कधी फसवतो. लोहाच्या कमतरतेने आकडा वाढू शकतो. विदर्भात, नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामध्ये किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो भरवशाचा राहत नाही. तफावत मोठी वाटली तर जेवणानंतर दोन तासांनीही मोजा, वही डॉक्टरांना दाखवा. तोवर गोळ्या स्वतःहून कमी करू नका.