माणूस म्हणजे ‘पाण्याची पिशवी’ नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘चिकित्सक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

कोणता पदार्थ मायक्रोवेव्ह किती शोषतो, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत : “माणूस सत्तर टक्के पाणी. मायक्रोवेव्हच्या लेखी तो पाण्याची पिशवी, बस्स. स्नायू, चरबी, डोळा असा फरक करत बसणं म्हणजे विद्वत्तेचा आव. अशा अर्धवटांनी विज्ञानावर लिहू नये.” शिवाय २.४५ गिगाहर्ट्झला, म्हणजे घरगुती मायक्रोवेव्हच्या वारंवारतेला, पाण्याचा अनुनाद होतो (रेणू नेमके त्याच वारंवारतेला जोरात डोलतात), मी ५जीवर गप्प आहे आणि मला कुणीतरी पैसे देतं, असंही आपलं म्हणणं आहे.

मतभेदाचं मला वावडं नाही. या लेखांखाली माझ्या चुका दाखवणारे कितीतरी जण येतात आणि मी त्यांच्याकडून शिकतो. पण ते आधी लेख वाचतात. आपण पहिल्याच वाक्यात माझी लायकी काढलीत आणि मुद्दा नंतर शोधायला निघालात. टोपणनावाआडून असं बोलायला काही लागत नाही. मी माझ्या नावानिशी लिहितो, त्यामुळे मला शब्द तोलावे लागतात.

एक गोष्ट मान्य. माझ्या लेखातल्या तक्त्यात आकड्यांशेजारी तापमान हवं होतं. २.४५ गिगाहर्ट्झला थंड पाणी उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त शोषतं, तेव्हा तापमानाशिवाय पाण्याचा आकडा अपुराच. आता ते टाकलं आहे. आभार.

आता त्या पिशवीकडे वळू. पाणी किती, एवढाच प्रश्न असता तर बर्फही पाण्यासारखाच तापला असता. तोही पाणीच आहे, शंभर टक्के. पण त्याचे रेणू जाळीत अडकलेले असतात, बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर त्यांना वळता येत नाही, आणि त्याचं शोषण द्रव पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी भरतं. म्हणजे पाणी आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, ते कोणत्या अवस्थेत आहे हेही बघावं लागतं. शरीरात तर ते कधीच नुसतं नसतं. काही प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते मोकळ्या पाण्यापेक्षा सावकाश वळतं. बाकीच्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराईडचे आयन असतात, ते क्षेत्राबरोबर पुढेमागे सरकतात आणि त्यातूनही उष्णता निघते.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. मी बरीच वर्षं मोबाईलच्या एसएआर चाचण्यांसाठी (फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं ते मोजणाऱ्या) डोक्याच्या आकाराच्या कवचात भरायचं द्रावण बनवत होतो. माणूस पाण्याची पिशवी असता तर आम्ही नळ सोडून मोकळे झालो असतो! ९०० मेगाहर्ट्झसाठी त्या द्रावणाची सापेक्ष विद्युतपारगम्यता (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचं माप) ४१.५ आणि वाहकता ०.९७ सीमेन्स प्रति मीटर लागते. शुद्ध पाण्याची पारगम्यता त्याच्या जवळपास दुप्पट आणि वाहकता साधारण पाचवा हिस्सा. म्हणून पाण्यात साखर घालायची, इतकी की ते पाकासारखं जड होतं, म्हणजे पारगम्यता उतरते. मग मीठ घालून वाहकता चढवायची. मोजणीचा प्रोब बुडवायचा, आकडा बघायचा, पुन्हा चिमूटभर मीठ. झाकण उघडं राहिलं की पाणी उडून जायचं, आकडे सरकायचे आणि सगळं पुन्हा जुळवावं लागायचं. हे काम हातांनी केलेल्या माणसाला तुम्ही ‘आव आणतो’ म्हणता, आणि मी ते हसून सोडून द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे का?

राहिला स्नायू आणि चरबीतला फरक. २.४५ गिगाहर्ट्झला स्नायूची वाहकता साधारण १.७ सीमेन्स प्रति मीटर, चरबीची ०.१. स्नायूत दोनेक सेंटिमीटर आत जाईपर्यंत क्षेत्राची तीव्रता ३७ टक्क्यांवर येते, चरबीत त्यासाठी अकरा-बारा सेंटिमीटर लागतात. दोन्ही ऊती एकाच शरीरात, एकमेकींना लागून. त्यांच्या सीमेवर लाटेचा काही भाग परत फिरतो, तो एकजिनसी पिशवीत फिरलाच नसता.

डोळ्याचा उल्लेख तुम्हाला विशेष खटकला. ऊतीत किती ऊर्जा शिरली याइतकंच तिथून किती उष्णता बाहेर गेली हेही महत्त्वाचं असतं. स्नायूतली उष्णता रक्त वाहून नेतं. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे तिथली उष्णता सावकाश ओसरते. सशांच्या डोळ्यांवर तीव्र मायक्रोवेव्ह सोडल्यावर मोतीबिंदू झाल्याचे प्रयोग आहेत. तो परिच्छेद मी त्यासाठी लिहिला होता, पानं भरायला नव्हे.

बाकीचं थोडक्यात. २.४५ला पाण्याचा अनुनाद वगैरे काही नाही. द्रव पाण्याचं शोषणशिखर खोलीच्या तापमानाला २० गिगाहर्ट्झच्या आसपास येतं, आणि औद्योगिक भट्ट्या ९१५ मेगाहर्ट्झवरही उत्तम तापवतात. ५जी हा त्या लेखाचा विषयच नव्हता. पैशांच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही.

ऊतींच्या आकड्यांपैकी कोणता चुकीचा वाटतो ते वारंवारतेसकट लिहा, मी तपासून उत्तर देईन. ‘अर्धवट’ने सुरू होणारी पुढची प्रतिक्रिया मात्र मी छापणार नाही.